देवापुढचा कायदा

सांगितलं तर खोटं वाटेल, पण वसईच्या तहसील कचेरीत लागले ना, तेव्हा माझं पहिलं काम काय, तर राज्याच्या कायद्यांचे छापील खंड गावोगावच्या तलाठ्या-सरपंचांना वाटायचे! लाल कापडी बांधणी, वर सोनेरी अक्षरं, आणि एकेक खंड इतका जड की जूचंद्रचा तलाठी हातात तोलून म्हणाला, "मॅडम, मिठागरावर पाठवू का, वजनाला?"

शेवटचा खंड दिला एका ख्रिस्ती गावच्या सरपंचाच्या घरी. तो केळींना पाणी लावायला गेलेला, म्हणून त्याच्या आईने अंगठा दिला. मी उड्या मारत कचेरीत परत. बघते तर तहसीलदार साहेबांच्या टेबलावर कोरा खंड, आणि त्यांनी उद्याच्या सुनावणीसाठी चिठ्ठ्या लावून ठेवलेला गायब! तो मीच शेवटचा म्हणून पिशवीत घातलेला. आणि मला कायम करायच्या कागदावर साहेबांची सही उद्याच होणार होती! आता कसली होतेय!

कोरा खंड घेऊन तशीच सरपंचाच्या घरी धावत गेले. बघते तर काय, आमचा कायदा आल्तारवर, येशूच्या तसबिरीपुढे! दोन मेणबत्त्या, एक झेंडू.

"आजी, तो चुकून दिला, हा घ्या."

"अजिबात नाय," आजी म्हणाली. "घरात नवी वस्तू आली की आधी देवापुढे. फादर पाणी शिंपडणार, मगच हलवायची. पाण्याचा पंपसुद्धा राहिला होता तिथे आठवडाभर."

"फादर कधी येणार?"

"रविवारी."

"आजी, तोवर माझी नोकरी जाईल!"

"मग जा, घेऊन ये त्यांना. मी कुठे अडवलंय?"

गेले! फादर देवळामागे, म्हणजे चर्चमागे, दुधीच्या मांडवाखाली होते. सगळं ऐकून पोट धरून हसले आणि मातीच्या हातांनीच सायकलवर बसले. "पंपाला दिला, जीपला दिला, कोंबड्यांच्या खुराड्याला दिला," म्हणाले, "कायद्याला आशीर्वाद पहिल्यांदाच."

आजीने दोन्ही खंड पुढे केले. "ह्याच्यावर जास्त घाला, फादर, हा कचेरीत जाणार आहे." फादरनी खरंच हात सैल सोडला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी खंड उघडला. पानं ओलसर, चिठ्ठ्या चिकटलेल्या, मध्ये झेंडूची पाकळी.

"हे काय?"

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. पंपासकट.

साहेबांनी पाकळी उचलून उलटसुलट बघितली. मग म्हणाले, "खुराड्याला पण?"

"हो साहेब."

तोंडावर रुमाल धरून त्यांनी माझा कागद ओढला आणि त्याच ओल्या पानावर ठेवून सही केली. शाई पसरली, नावाच्या जागी नुसता निळा डाग. दोन वर्षं झाली, त्या डागावर पगार घेतेय!