अण्णांच्या रिकाम्या पुंगळ्या

घरात बारा बोअरची बंदूक ठेवून अहिंसा पाळणारा माणूस उभ्या महाराष्ट्रात एकच झाला, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. गडहिंग्लजच्या अलीकडे त्यांची ऊसशेती. आम्ही जैन, पण अण्णा आमच्यातही जरा जास्तच जैन. दिवस मावळायच्या आत जेवण, पाणी फडक्यातून दोनदा गाळलेलं, कांदा-बटाट्याला उंबरा बंद, आणि वाटेत मुंग्यांची रांग दिसली की चार ढांगा वळसा. आणि हाच माणूस रोज दिवस कलला की वडिलांकडून आलेली लायसनची बंदूक घेऊन बांधावर उभा राहायचा. उसात रानडुकरं घुसत. अण्णा नळी आभाळाकडं करून बार काढायचे, तोही छर्रे न घातलेला. "आवाज पायजे, जीव नको," हा त्यांचा सिद्धांत. घरी आलेल्या माणसाला पाण्याच्या तांब्यामागोमाग ते ऐकवायचे, "चाळीस वर्सं बार काढतोय, पण माझ्या हातनं एक जीव गेल्याला न्हाय." या एका वाक्यावर त्यांचं सगळं जगणं उभं होतं.

बाजारातलं काडतूस छर्रे भरूनच येतं, म्हणून ते त्यांच्या घरात वर्ज्य. त्यांच्याकडं वडिलांच्या वेळच्या काडतुसाच्या पितळी पुंगळ्या होत्या, पुन्हा पुन्हा दारू भरता येणाऱ्या. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा बिनकांद्याच्या पोह्यांशेजारी ताटलीत बारा पुंगळ्या चिंचेनं घासून मांडल्या होत्या. मला त्या अत्तरदाण्या वाटल्या. अण्णांनी त्यातली एक माझ्या हातात दिली. "शिरोली एमआयडीसीत मशीनशॉपला हाय म्हणं तुम्ही. हिला चीर गेलीय का, बघा की." मी बघितलं आणि गेलीय म्हणालो. मग कळलं की ती बंदुकीची आहे, आणि मी ती अलगद ताटलीत परत ठेवली. अण्णांनी माझा पगार विचारला नाही, पत्रिका मागितली नाही. आत तोंड करून म्हणाले, "पोरगं खरं बोलतंय," आणि लग्न ठरलं.

लग्नानंतर दोन-तीन वर्षांत उरलेल्या पुंगळ्याही एकेक करून तडकल्या. तशा जुन्या पितळेच्या कुठं मिळेनात. मग अण्णांनी पितळेला पर्याय शोधायचा चंगच बांधला आणि आम्हा सगळ्यांच्या जिवाला घोर लावला. आधी पुठ्ठा झाला. त्यासाठी आमच्याच लग्नाच्या उरलेल्या पत्रिका त्यांनी गुंडाळल्या. पहिल्या बाराला शेतभर 'शुभविवाह'चे कपटे उडाले, आणि पावसाळ्यात उरलेल्या पुंगळ्या फुगून नळीत जाईनात. मग बांबू. त्या बारानंतर अण्णांची डावी भुवई महिनाभर दिसली नाही. "भुवईला जीव नसतोय," असं त्यांनी सासूबाईंना समजावलं. सासूबाई त्यांच्याशी चार दिवस बोलल्या नाहीत, पण जेवण वेळेत वाढत होत्या. लोखंडाच्या पुंगळीला आठवड्यात गंज चढला.

शेवटी मीच गाढवपणा केला आणि लेथवर ॲल्युमिनियमच्या दोन काढून दिल्या. जावई माणूस, नाही म्हणता येईना. पंधरा दिवसांनी कारखान्याच्या गेटवर आरडाओरडा ऐकून मी बाहेर आलो. बघतो तर अण्णा उभे, हातात चादरीत गुंडाळलेली बंदूक, आणि वॉचमन केबिनमधल्या टेबलाखाली. ती चादर मांडीवर घेऊन हा गृहस्थ गडहिंग्लजपासून एसटीनं आला होता. कंडक्टरला काय सांगितलं, असं मी विचारलं. "खरं तेच. बंदूक हाय म्हटलं. हसला त्यो आणि तिकीट दिलं." ॲल्युमिनियमची पुंगळी नळीत गच्च बसली होती. मी ती जपून ठोकून काढत होतो, आणि अण्णा मात्र मालकांना अहिंसा समजावून सांगत होते. मालक तो आठवडाभर माझ्याशी फार जपून बोलत होते.

पुन्हा ते असं काही करतील या धास्तीनं मीच त्यांना प्लॅस्टिकच्या पुंगळ्यांची वाट दाखवली. कोल्हापुरात नेमबाजीचा सराव करणारा माझा एक ओळखीचा होता. त्याच्या इथं वापरून टाकलेल्या लाल पुंगळ्यांचा ढीग पडलेला असे. एका रविवारी मी पिशवीभर उचलून आणल्या. अण्णा लहान पोरासारखे खूश झाले. त्यांनी त्यातल्या दहा-बारा भरल्या, तोंडाला पुठ्ठ्याची चकती बसवली आणि मेणबत्तीचं मेण लावलं. मधमाशीचं मेण त्यांना चालत नव्हतं, ते हिंसेचं. भरलेल्या आणि रिकाम्या सगळ्या एकाच डब्यात गेल्या.

आजवर त्या घरात हिशेब सोपा होता. पितळी ते आपलं, लाल ते बाजारातलं. सासूबाईंनासुद्धा नुसत्या रंगावरून कळायचं. आता सगळंच लाल झालं होतं. त्या पिशवीत एक न उडवलेलं, छर्र्यांचं काडतूस होतं. तेही चकतीनंच बंद केलेलं. मी न बघता उचललं होतं. ते डब्यात दिसलं तेव्हा अण्णांना वाटलं, आपण कालच भरलंय.

मी त्या दिवशी तिथंच होतो. अण्णांनी नेहमीसारखी नळी वर केली आणि बार काढला. आवाज जरा वेगळा वाटला. उसावरून बगळ्यांचा थवा चालला होता, त्यातला एक खाली आला आणि पाटाच्या कडेला पडला. अण्णा धावत गेले, गुडघ्यावर बसले आणि मला म्हणाले, "आवाजानं घेरी आली वाटतं, पावणं. माझा तांब्या आणा." मी तांब्या दिला. त्यांनी गाळलेलं पाणी ओंजळीत घेऊन बगळ्याच्या चोचीवर धरलं. "घे, घे की बाबा." मग पंखाखाली घातलेला हात बाहेर काढून ते त्याच्याकडं बघत राहिले. त्या हाताला लागलेलं लाल मला आजही दिसतं, आणि तेव्हाइतकंच अंगावर येतं.

तिसऱ्या दिवशी मी धीर करून सांगितलं की ते काडतूस माझ्या पिशवीतून आलं. अण्णांचा उपवास चालू होता. "पिशवी कुणाची का असंना," ते म्हणाले, "बोट माझं हुतं." पुन्हा त्यांनी हा विषय काढला नाही, मलाही काढू दिला नाही. पुढच्या निवडणुकीला सगळ्यांच्या बंदुका चौकीत जमा झाल्या तेव्हा अण्णांनीही आपली दिली आणि निकालानंतर आणायला गेलेच नाहीत. उसात डुकरं मोकाट झाली. ते पत्र्याचा डबा बडवत फिरायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी द्यायचे, पण चाळीस वर्षांचं ते वाक्य काही ऐकवायचे नाहीत. तो तांब्यानंतरचा गप्पपणा मला बाराच्या आवाजापेक्षा जड जायचा.

पर्युषण संपलं की आमच्यात क्षमावलीला सगळ्यांची क्षमा मागतात. अण्णा घरातल्यांची मागून झाली की एकटेच बांधावर जात. पाण्यात बगळे उभे असत. अण्णा हात जोडून पुढं सरकले की ते उडून लांब जाऊन बसत. अण्णा परत तिकडं जात, बगळे परत उडत. शेवटच्या वर्षी त्यांना चालवेना, म्हणून मी दंडाला धरून नेलं आणि तिथं मीही हात जोडायला गेलो. "तुम्ही नका हात जोडू, पावणं," ते म्हणाले. "तुमच्या वाटणीचं मी दरवर्सी मागतोय."