पहिलं अर्धं मिनिट

"मॅडम, कमलादीदीचा आवाज ठेकेदाराच्या मोबाइलवर आहे."

नीलम माझ्या टेबलासमोर उभी होती. लायब्ररी नुकती उघडली होती, हॉलमध्ये झाडू चालला होता. मी तिला खुर्ची दाखवली. ती बसली नाही.

मी जयपूरच्या एका विद्यापीठात ग्रंथपाल आहे. मूळची सांगलीची. नवऱ्याची विमा कंपनीत इकडे बदली झाली आणि आम्ही इथलेच झालो. ग्रंथपाल म्हटलं की लोकांना पुस्तकं देणं-घेणं आठवतं. माझं काम वेगळं आहे. पीएचडी करणाऱ्यांना लेख शोधून देणं, संदर्भ तपासणं आणि त्यांनी जमवलेला डेटा सांभाळणं. हा डेटा आम्ही रिपॉझिटरीत ठेवतो. रिपॉझिटरी म्हणजे विद्यापीठाची ऑनलाइन कोठी. त्यातलं काही सगळ्यांसाठी खुलं असतं. काही 'रिस्ट्रिक्टेड' असतं, ते संशोधक आणि आम्ही सोडून कुणाला उघडता येत नाही.

नीलमचा विषय होता सांगानेरच्या कापड छपाईतल्या बायका. रंग कालवणाऱ्या, कापड धुणाऱ्या. त्यांच्या हातांची सोललेली कातडी, त्यांचा दमा, ठेकेदाराची वागणूक. या बायका आधी कुणाशी बोलत नव्हत्या. नीलम वर्षभर त्यांच्या घरी जात राहिली, तेव्हा कुठे त्या बोलल्या. तिने सगळं रेकॉर्ड केलं. प्रबंध द्यायच्या आधी मूळ डेटा ग्रंथालयात जमा करायचा, असा आमचा नियम आहे. त्याप्रमाणे ती रेकॉर्डिंग्ज रिपॉझिटरीत होती. रिस्ट्रिक्टेड.

"नक्की काय झालं?" मी विचारलं.

"काल चहाच्या सुट्टीत ठेकेदाराने सगळ्यांसमोर लावलं. दीदीचं नाव, गल्लीचं नाव, कोणत्या कारखान्यात काम करते ते. मग विचारलं, और क्या-क्या बताया? दीदी रडत होती फोनवर."

मी लगेच सिस्टिम उघडली. कोणती फाइल कुणी उघडली याची नोंद तिथे राहते. कमलाची फाइल जमा झाल्यापासून कुणीही उघडलेली नव्हती.

"तुझा लॅपटॉप कुणाला दिला होतास? पेनड्राइव्ह?"

"नाही हो मॅडम." मग ती खुर्चीत टेकली. "मतलब, हॉस्टेलमध्ये रूममेट असते. पण ती... नाही, ती असं करणार नाही."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवेना. ती आता प्रत्येक ओळखीच्या माणसावर संशय घेऊ लागली होती. मी म्हटलं, थांब. कमलाला फोन लाव. ठेकेदाराने किती ऐकवलं आणि कुठे बंद केलं, तेवढंच विचार.

कमला कारखान्याच्या मागे जाऊन बोलली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. म्हणाली, त्याने बंद नाही केलं, आपोआप तुटलं. मी 'मुझे यहाँ काम करते हुए' म्हणते, तिथेच.

मी मूळ रेकॉर्डिंग लावलं. या बायका सही करायला घाबरतात, म्हणून नीलम त्यांची संमती तोंडी घ्यायची. सुरुवातीलाच प्रत्येकीने नाव, पत्ता, कामाची जागा सांगायची आणि मी स्वखुशीने बोलतेय असं म्हणायचं. कमलानेही ते सांगितलं. मग ती म्हणाली, मुझे यहाँ काम करते हुए. मी घड्याळाकडे पाहिलं. बरोबर अर्धं मिनिट झालं होतं.

कुणी माणूस रेकॉर्डिंग कापतो तेव्हा वाक्य संपल्यावर कापतो. वाक्याच्या मधेच, बरोबर अर्ध्या मिनिटावर, मशीनच कापतं.

मी माझा मोबाइल काढला. विद्यापीठाचं वायफाय बंद केलं. लॉगिन न करता, कुणीही परका माणूस उघडेल तसं रिपॉझिटरीचं पोर्टल उघडलं. नुसतं नीलमचं नाव टाकलं तरी तिच्या कामाचं पान आलं. फाइलींपुढे 'रिस्ट्रिक्टेड' लिहिलेलं होतं. पण खाली एक बारीक त्रिकोण होता, गाणं लावायला असतो तसा. तो पूर्वी नव्हता. मी दाबला.

"मेरा नाम कमला..."

नीलमने तोंडावर हात ठेवला. मी पुढचा दाबला. दुसरी बाई. त्याच्या खालचा. तिसरी. सगळ्या बायका एकेक करून आपलं नाव आणि घर सांगत होत्या.

आयटीच्या सक्सेनाजींना बोलावलं. त्यांना उलगडायला वेळ लागला नाही. हल्लीच कंपनीने पोर्टलचं सॉफ्टवेअर अपग्रेड केलं होतं. नवीन सॉफ्टवेअर प्रत्येक ऑडिओ फाइलचा सुरुवातीचा तुकडा प्रीव्ह्यू म्हणून काढतं, म्हणजे वानगीदाखल ऐकायला. मूळ फाइल बंद असली तरी प्रीव्ह्यू खुला. मग त्यांनी प्रीव्ह्यूच्या वेगळ्या नोंदी काढल्या आणि चष्मा वर सरकवला.

"मॅडमजी, तुमचा सोडला तर एकच मोबाइल आहे. एकापाठोपाठ एक सगळे ऐकलेत. एक पण नाही सोडला."

म्हणजे कमलाची फक्त सुरुवात होती. त्याला सगळ्यांची नावं ठाऊक होती, आणि बाकीच्यांना ते माहीतच नव्हतं. त्या त्याच्याच हाताखाली रंग कालवत बसल्या होत्या.

मी मुख्य ग्रंथपाल माथुर सरांकडे पळाले. म्हटलं, सर, पोर्टल बंद करायचंय, आत्ता.

"आत्ता? परवा मूल्यांकन समिती येतेय. पोर्टलला वेगळे गुण आहेत. बंद दिसलं तर कुलगुरूंना मी काय सांगू? तेवढं एक पान काढा ना."

"सर, आणखी कुठे काय उघडं आहे, माहीत नाही. एचआयव्ही पेशंटच्या मुलाखती आहेत आपल्याकडे."

"पण पानावर तर रिस्ट्रिक्टेडच लिहिलेलं दिसतंय."

मी त्यांच्याच फोनवर ते पान उघडलं आणि त्रिकोण दाबला. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. नाव, नवऱ्याचं नाव, हनुमानाच्या देवळामागची खोली. सरांनी पूर्ण ऐकलं. फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

"बंद करा," ते म्हणाले. "समितीचं मी बघतो."

पोर्टल बंद झालं. पण जे गेलं ते गेलं होतं. त्या बायकांना सांगायला कुणीतरी जायला हवं होतं. नीलमने त्यांना रेकॉर्डिंग बंद राहील असा शब्द दिला होता, पण तो माझ्या भरवशावर. मी म्हटलं, मी येते.

संध्याकाळी काम सुटल्यावर आम्ही रिक्षाने गेलो. खरं सांगते, मला भीती वाटत होती. बायका ओरडतील याची कमी. त्या काहीच बोलणार नाहीत, नुसत्या बघत राहतील, याची जास्त.

तसंच झालं. कमलाच्या खोलीत त्या भिंतीला टेकून बसल्या. कुणाच्या नखांत निळा रंग, कुणाच्या लाल. मी झालं ते सगळं सांगितलं. तुमचं नाव आणि पत्ता त्याने ऐकला आहे, पुढचं बोलणं ऐकलेलं नाही. मग हनुमानाच्या देवळामागच्या म्हातारीने विचारलं,

"बाकीचा आवाज कुठाय?"

"आमच्याकडे. बंद."

"तेव्हाही बंदच म्हणाला होतात ना, बेटी?"

मी म्हटलं, जी सांगेल तिचं रेकॉर्डिंग कायमचं पुसू. कमला सोडून सगळ्यांनी पुसा म्हटलं. एकीने तर नीलमचा हात धरला, आत्ता पुसशील ना, आत्ता?

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. ठेकेदार दारात आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला अगदी गोड.

"नमस्ते मॅडमजी. लायब्ररीवाली आहात ना? पूरी रिकॉर्डिंग कहाँ मिलेगी?"

मी उठून उभी राहिले.

"मिळणार नाही."

"आमच्याच बायका आहेत. आमच्याच कारखान्याबद्दल बोलल्यात."

"विद्यापीठाला लेखी द्या. तिथेही नाहीच म्हणतील."

तो हसला. खोलीभर नजर फिरवली, एकेकीच्या चेहऱ्यावर थांबत. "लिखेंगे," म्हणाला आणि निघाला. मोटारसायकल मात्र बराच वेळ गल्लीच्या तोंडाशी सुरूच राहिली. आवाज येत होता. आम्ही सगळ्या ऐकत बसलो.

मोटारसायकल दूर गेल्यावर कमला पहिल्यांदा बोलली.

"माझं पुसू नका. मी बोलले हे त्याला कळलंच आहे. मग काय बोलले ते तरी कुठेतरी राहू दे."

दुसऱ्या दिवशी सक्सेनाजींनी नीलमच्या समोर बाकीची रेकॉर्डिंग्ज पुसली, बॅकअपमधलीसुद्धा. माथुर सरांनी कुलगुरूंकडून कारखान्याच्या मालकाला पत्र पाठवलं: रेकॉर्डिंग कुणालाही दिलं जाणार नाही, आणि या कारणाने कुणाला कामावरून काढलं तर विद्यापीठ कामगार खात्याकडे जाईल. पुढचे काही आठवडे मी तिलक नगरला घरी जाताना गल्लीच्या वळणावर मागे बघायचे. काउंटरवर इस्त्रीचा शर्ट दिसला की हात थांबायचा. ठेकेदार आला नाही. त्याचा अर्जही आला नाही.

पत्राचा उपयोग झाला असं म्हणता येईल. बाकीच्या बायकांना कुणी हात लावला नाही. कमलाला मात्र 'सध्या काम कमी आहे' असं सांगून घरी बसवलं. पत्र दाखवून अडवता येईल असं ते कारण नव्हतं. दिवाळीनंतर तिला दुसऱ्या कारखान्यात, तिच्या नणंदेच्या ओळखीने, धुलाईचं काम मिळालं. नीलमचा प्रबंध झाला. त्यातलं एक प्रकरण ठरवलं होतं त्यापेक्षा फार लहान आहे, आणि ते बहुतेक सगळं एकाच बाईच्या बोलण्यावर उभं आहे. परीक्षकांनी त्यावर बोट ठेवलं. नीलमने कारण सांगितलं. त्यांनी पुढे विचारलं नाही.

सॉफ्टवेअर कंपनीला आम्ही कडक तक्रार केली होती. उत्तर आलं, नमुना ऐकू येणं हा दोष नाही, सोय आहे. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करता येते. आम्ही ती बंद केली आणि मगच पोर्टल पुन्हा उघडलं.

आता प्रत्येक अपग्रेडनंतर मी घरी जाते, मुलीचा मोबाइल घेते आणि आमचं पोर्टल परक्या माणसासारखं उघडून दिसेल ते बटण दाबत बसते. मुलगी म्हणते, आई, तू हे किती वेळा चेक करणार? स्क्रीनवर 'रिस्ट्रिक्टेड' लिहिलेलं असतं, ते आमच्या समाधानासाठी. फाइल खरंच बंद आहे की नाही, ते बाहेरून उघडून बघितल्याशिवाय कळत नाही.