चहाच्या सुट्टीतला सर्व्हर

आमच्या यशपालदादांना कोणी कॉम्प्युटर इंजिनीअर म्हटलं तर ते मागे वळून बघतात, आपल्यामागे कोण उभं आहे म्हणून. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात ते चोवीस वर्षांपूर्वी वायरमन म्हणून लागले. शिक्षण आयटीआय. पुढे डिझाइन खात्यात कॉम्प्युटर आले, रोज बिघडायला लागले, आणि पुण्याचा माणूस यायला चार चार दिवस लागायचे, तेव्हा दादांनीच ते उघडून बघायला सुरुवात केली. आज तिन्ही शेडचे कॉम्प्युटर आणि ते सगळे ज्याच्या जिवावर चालतात तो सर्व्हर दादा सांभाळतात. मालक रुद्रप्पा शेठ मात्र अजून 'ए वायरमन' अशीच हाक मारायचे. मला त्याचा राग यायचा. मी राजेश्वरी, अठरा वर्षं डिझाइन खात्यात टॉवेलवर फुलं काढते, आणि राग येणं हा माझा जोडधंदा आहे.

गेल्या वर्षी जुना सर्व्हर थकला. एक डिझाइन मागावर चढवण्याजोगं तयार करायला नऊ-नऊ मिनिटं घ्यायला लागला. नवा घ्यायचं ठरलं आणि दोन पर्याय समोर आले. पुण्याच्या सल्लागाराने सुचवलेल्या सर्व्हरच्या प्रोसेसरमध्ये बत्तीस कोर होते. दादांना पसंत होता त्यात आठच. प्रोसेसर म्हणजे सर्व्हरचं डोकं आणि कोर म्हणजे त्या डोक्यातले कारागीर, असं दादांनी मला समजावलं होतं. बत्तीस कारागिरांचा हात जरा सावकाश, आठजणांचा चपळ. किंमत बत्तीसवाल्याची दीडपट.

शेठ जन्माने आणि मनाने मागवाले. त्यांनी सरळ विचारलं, "आठ मागाचा कारखाना बरा का बत्तीस मागाचा? सांग की रे वायरमन."

"माग बत्तीस असून काय करता शेठ?" दादा म्हणाले. "आपलं सॉफ्टवेअर एक डिझाइन एकाच कोरवर चालवतंय. बाकीचे एकतीस नुसते बसून ऱ्हात्यात. दीडपट पैसा बसणाऱ्यांना कशाला द्यायचा?"

सल्लागार हसला. ते हसू मला अजून आठवतं. दादांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "जुना माग घेताना तुमी तितं दिवसभर खुर्ची टाकून बसता की नाय? चालवून बघितल्याबिगर बयाणा देता का? मग हे बी चालवून बघू."

हे शेठना पटलं. दोन्ही सर्व्हर ट्रायलला आले. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, कारखाना बंद असताना, दादांनी एकेक डिझाइन दोन्हींवर चालवलं. आठवाल्याने चार मिनिटांत काम संपवलं, बत्तीसवाल्याला सहा लागली. शेठनी कागद बघितला आणि म्हणाले, "मंगळवारी ऑर्डर देऊन टाकू, यशपाल." चोवीस वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलं. ही गोष्ट दादांनी मला दोनदा सांगितली, आणि दुसऱ्यांदा सांगताना पहिल्यांदा सांगितल्याचं ते विसरले होते.

सोमवारी दुपारी कँटीनचा पंखा बंद पडला. हातात पक्कड घेऊन दादा स्टुलावर उभे होते, तेवढ्यात चारचा भोंगा झाला आणि आम्ही डिझाइन खात्यातले सव्वीस जण एकदम आत शिरलो.

"सगळी कामं टाकून आलासा व्हय?" दादांनी विचारलं.

"टाकून कशाला? लावून आलोय," मी म्हणाले. "चारला चालू करायचं आणि चहाला यायचं. परत जाईपर्यंत डिझाइन तयार. उगं पडद्याकडं बघत कोण बसतंय?"

"सगळेच?"

"सगळेच. रोजच."

दादा स्टुलावरून उतरले. पंखा तसाच राहिला. सुट्टीच्या दिवशी मंडईत जाऊन गर्दी मोजावी तसं झालं होतं. एकावेळी एक डिझाइन असेल तर आठवालाच सरस. पण सव्वीस एकदम आली, तर आठजण कितीही चपळ असोत, बाकीची अठरा रांगेत उभी राहणार.

चोवीस वर्षं इथे काढलेल्या माणसाला हे कसं माहीत नाही, असं कोणीही विचारेल. दादा कँटीनमध्ये चहाला येतच नाहीत. घरून थर्मास आणतात आणि वर सर्व्हरच्या खोलीत एकटे पितात. ते लागले त्याच्या दुसऱ्या महिन्यात इथे त्यांचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला होता. दुसऱ्या दिवसापासून थर्मास. हे मला चहा करणाऱ्या येसूबाईंनी सांगितलं, त्यालाही दहा वर्षं झाली. कप कधीच एक झाले होते, पण 'दादा, आता खाली या' असं म्हणायला कोणी वर गेलं नाही. मीही नाही. एवढा राग येणारी मी, पण तेव्हा माझ्या तोंडाला कुलूप होतं. लाज वाटते.

दादा शेठच्या केबिनकडे निघाले तेव्हा मी मागोमाग गेले. "उद्या सांगा. नाहीतर सांगूच नका, चालतंय की. दहा मिनिटं जास्त लागली तर कोण मरतंय?"

"मला म्हाईत झालंय न्हवं?" एवढंच म्हणून त्यांनी दार ढकललं.

आत सल्लागारही बसलेला होता. त्याच्यासमोरच दादा म्हणाले, "शेठ, माझं चुकलं. आठवाला घेऊ नगा. मी सुट्टीच्या दिवशी चालवून बघितलं. चारला सगळे एकदम काम लावत्यात, ते मला ठाऊक न्हवतं."

शेठचा पारा चढला. "एवढा वाद घातलास तो कशाला? चोवीस वर्षं हाईस हितं, आन लोक चहाला कवा उठत्यात ते ठाऊक न्हाय तुला?"

मला वाटलं, आता मीच बोलावं. पण त्याआधीच शेठना ते आठवलं असावं. तो खिडकीतला कप त्यांच्या वडिलांच्या काळातला, आणि शेठ तेव्हा याच कारखान्यात रोज येत होते. त्यांनी टेबलावरचा पेन उचलला, परत ठेवला. "उद्या परत ट्रायल घे," ते हळू आवाजात म्हणाले. "कामाच्या दिवशी. आन चारला खाली ये. मी बी येतो."

मंगळवारी सव्वीस कामं आठवाल्यावर लावून आम्ही खाली आलो, बुधवारी बत्तीसवाल्यावर. दोन्ही दिवस शेठ येसूबाईंच्या ट्रेमधला कप दादांच्या हातात देऊन त्यांच्याशेजारी बाकावर बसले. दादांची नजर मोबाइलवर, तिथे सर्व्हरची कामं दिसत होती. आठवाल्याला साडेतेरा मिनिटं लागली. बत्तीसवाल्याचं सातव्या मिनिटाला संपलं.

"हाच घ्या," दादा म्हणाले. "दीडपट पडतोय, पर काम दुप्पट देतोय."

"तू म्हणतोस तर घेऊ, यशपाल," शेठ म्हणाले. मी ट्रायल बघायला आलेल्या सल्लागाराकडे बघितलं. या वेळी तो हसला नाही.

गुरुवारी सकाळी दादांच्या खांद्याला परत तोच थर्मास दिसला. माझा जीव खट्टू झाला. म्हटलं, संपली ट्रायल, आता हा माणूस पुन्हा वरच्या खोलीत बसणार.

चारला भोंगा झाला. दादा थर्मास घेऊन खाली आले, झाकण उघडलं, आणि ट्रेमधल्या रिकाम्या कपांत घोट घोट ओतायला लागले. "रोज तुमचाच का म्हणून?" ते म्हणाले. "आमच्या घरचा बी पिऊन बघा की."

शेठनी पहिला कप उचलला. पाठोपाठ आम्ही सगळ्यांनी घेतला. साखर जरा जास्त होती, आणि शेठनी कप परत पुढे केला.