माझ्या भिंतीवरची नर्स

फ्लोराबेलचा फोटो सात वर्षं माझ्या भिंतीवर लटकत होता, त्यामुळे तिच्याविषयी बोलायचा पहिला हक्क माझा. फिलिपिन्समधल्या आमच्या ग्वीमारास बेटावर पोर नर्सिंगची परीक्षा पास झाली की आईबाप फ्लेक्स लावतात. तिचा बाप क्रिस्पुलो राहतो गल्लीच्या आत, म्हणून त्याने रस्त्याकडेची माझी भिंत मागून घेतली. पांढरी टोपी, गोबरे गाल, खाली ‘फ्लोराबेल गालोपे, नर्स’ आणि त्याहून मोठ्या अक्षरांत अभिनंदन करणाऱ्या आईबापाची नावं. त्याच्याखाली बसून मी झावळीत गुंडाळलेला नारळी भात विकते. गिऱ्हाइकं पत्ता सांगतानाही ‘नर्सच्या खाली’ असंच म्हणायची.

सहा वर्षं पोरीने पलीकडच्या इलोइलोतल्या इस्पितळात इमानेइतबारे नोकरी केली. शेवटच्या दीड वर्षात मात्र सुट्टीच्या दिवशी ती किनाऱ्यावर म्हाताऱ्या तेर्योच्या शेडमध्ये दिसायची, बोटीच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून. तेर्योने तिला बजावलं होतं, “माझा हात न लागता दहा इंजिनं चालू कर, मगच नोकरी सोडायचं बघ.” अकरावं चालू झालं त्या आठवड्यात तिने राजीनामा दिला.

मी तिला फैलावर घेतलं. “इंदाय, अगं पोरी, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतेस? कुणी छळलं का तिथे?”

“कुणी नाही, मनांग सेनिया. मजेत होते.”

“मग?”

“पोट भरलं की माणूस ताटावरून उठतं ना? जेवण वाईट होतं म्हणून थोडंच उठतं!”

“आणि उद्या इंजिनांनीही पोट भरलं तर?”

“तर पुन्हा उठेन,” म्हणाली आणि भाताच्या दोन पुड्या घेऊन चालती झाली.

मला राग आला. खरं सांगायचं तर हेवा वाटला. एकोणतीस वर्षं मी याच बाकावर बसले आहे, आणि इथून उठता येतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

क्रिस्पुलोने मुलीशी बोलणं टाकलं नाही, पण गावाला आणि पाहुण्यांना सांगून टाकलं की ती रजेवर आहे. फ्लोराबेल माझ्यासमोरच त्याला म्हणाली, “ताताय, मला दुसरं काही नको. फक्त मला लपवू नका.” तो उठून गेला.

ही थाप त्याच्या अंगाशी आली ती गावच्या फिएस्ताला, म्हणजे संताच्या जत्रेला. त्या दिवशी सगळ्यांची दारं उघडी, येईल त्याला जेवण. आणि घरात नर्स असेल तर जेवणाआधी रक्तदाब! क्रिस्पुलोच्या अंगणात तिच्या आत्या, मावश्या बाह्या वर करून ओळीने बसल्या. भाजलेल्या डुकराची कुरकुरीत कातडी खायला त्यांना नर्सची परवानगी हवी होती.

फ्लोराबेल शेडमधून आली. हात साबणाने दोनदा धुतले, तरी नखांतलं काळं राहिलंच.

“एकशे सत्तर. तिया बेबिंग, कातडीकडे बघायचंसुद्धा नाही.”

“एवढीशी गं?”

“वास घ्या.”

तेवढ्यात एक बोटवाला धापा टाकत आला. संताची मूर्ती समुद्रातून फिरवायची होती आणि त्याच बोटीचं इंजिन धरत नव्हतं.

तियाच्या दंडावरचा पट्टा सोडता सोडता फ्लोराबेलने विचारलं, “कधीपासून? धूर कसा? काल त्याला काय पाजलंत?”

“सकाळपासून. पांढरा धूर. डिझेल जुन्या पिंपातलं होतं.”

“पाणी शिरलंय. चला.”

ती गेली. तिया बेबिंग क्रिस्पुलोकडे वळली. “काय रे, हिची रजा संपते तरी कधी?”

अंगणातली तोंडं चावायची थांबली. मीही घास हातात धरून बसले. आता हा दुसरी थाप मारणार, असंच मला वाटलं.

“रजा नाहीये,” क्रिस्पुलो म्हणाला. “नोकरी सोडलीय तिने. बोटींची इंजिनं दुरुस्त करते, आणि तुझा रक्तदाब बघते तो फुकट. मी खोटं बोललो. लाज वाटत होती मला. तिची नाही, तुमच्या तोंडांची.”

संत अर्धा तास उशिरा निघाले, पण इंजिनाने वाटेत एकदाही आचका दिला नाही. किनाऱ्यावर क्रिस्पुलो ज्याला त्याला थांबवून ते इंजिन ऐकवत होता.

पुढच्या आठवड्यात तो शिडी घेऊन माझ्या भिंतीशी हजर. नव्या फ्लेक्सवर तेच गोबरे गाल, हातात पाना. ‘फ्लोराबेल गालोपे, नर्स, इंजिन मेकॅनिक’. त्याखाली हातभर कोरी जागा.

“ही का सोडलीस? शाई संपली?” मी विचारलं.

“पोरीचा काय भरवसा? दर वेळी नवा फ्लेक्स कोण छापत बसणार!” शिडीवरून उतरत तो म्हणाला. “नाहीतर सेनिया, तुझं काही ठरलं तर सांग. जागा आहे.”

मी त्याला चांगल्या चार शिव्या हासडल्या. पण त्या दिवशी गिऱ्हाइकांकडे माझं लक्ष नव्हतं. मान वळवून वळवून मी त्या कोऱ्या जागेकडेच बघत होते.