अर्ध्या सुरानं चढलेला पियानो

“सर, हा पियानो चढवला कोणं?” गाण्याच्या बाई स्टेजवरून ओरडत होत्या, आणि तिकडे गॅदरिंगचे पाहुणे फाटकाशी उतरून राह्यले होते. डांबरगोळ्यांचा वास आला की आजही माझी बोटं गार पडतात, कारण आमच्या बुलढाण्याच्या शाळेतला तो पियानो डांबरगोळ्यांवरच जगला होता. तारा लावणारा माणूस त्याच्याकडे वर्षानुवर्षं फिरकला नव्हता; तारा सैलावत गेल्या, सगळा पियानो अर्ध्या सुरानं खाली बसला आणि त्याच्यासोबत बाईंचा गळाही गुपचूप उतरला. आदल्या दिवशी नागपूरच्या कारागिरानं तारा ताणून सूर जागेवर आणले, तेव्हा पियानो असा खणखणला की पार खामगावची कबुतरं उडाली म्हणतात. पण पाहुणे येता येता घेतलेल्या शेवटच्या तालमीत बाईंचा वरचा सूर फाटला, आणि रिटायर होण्याआधीचं त्यांचं ते शेवटचं स्वागतगीत होतं. “अर्धा सूर खाली वाजवा, नाही तं माहं हसं होईन,” त्या हळूच म्हणाल्या. मी गणिताचा मास्तर. अख्ख्या जिल्ह्यात पियानो वाजवणारा एकटाच, तोही हेच एक गाणं, तेही पांढऱ्या पट्ट्यांवर. अर्धा सूर खाली म्हणजे बोटं जवळजवळ सगळी काळ्या पट्ट्यांवर. माझ्या घामानं पहिल्या रांगेपर्यंत सडा पडला असेल, पण बाई शेवटपर्यंत सुरात राहिल्या. पडदा पडल्यावर मी त्या रांगेत बसलेल्या माझ्या वडिलांना धापा टाकत विचारलं, कसं वाटलं? “काय वाटाचं बे,” ते म्हणाले, “दरसाली वाजते तसंच वाजलं.”