वेलीचं सुलटं अंग

छावणीतल्या एका जुन्या बंगल्याच्या बागेचं लोखंडी फाटक दुरुस्त करायला एक लोहार आला होता. मी रोज त्याच रस्त्यानं जायचो आणि थोडा वेळ थांबायचो. नाव कधी विचारलं नाही.

फाटकावर लोखंडाचीच द्राक्षवेल होती. गंजून गळालेली पानं तो नव्यानं घडवत होता. पान ठोकून झालं की आधी हवेत बोटानं शिरा काढून बघायचा, मग छिन्नी लावायचा. शिरा एकाच अंगाला उमटत. ते सुलटं अंग पहिल्यापासून रस्त्याकडे होतं.

चौथ्या दिवशी मालक आले. बागेत आता लग्नं होणार होती.

"मिस्त्री, वेल आतल्या बाजूला फिरवा. लोक फोटो आत काढतात."

"नाय जमायचं, साहेब."

"बाग माझी, फाटक माझं. तुम्हाला काय त्रास आहे?"

"बाग तुमचीच, व्हय. पण आत आलेल्याला झाडं हायेत बघायला. बाहेरून जाणाऱ्याला एवढंच हाय."

मालक हसले. "मग काम पण बाहेरच्यांनाच मागा."

लोहारानं भट्टी विझवली, शेवटचं पान हलत नाही ना ते बघितलं आणि हत्यारं सायकलला बांधली.

आठवड्याभरात दुसऱ्या मिस्त्रीनं वेल आत फिरवली. रस्त्यावरून आता पानांची सपाट पाठ दिसते. रस्ता सगळ्यांचा असतो, असं मी आमच्या संघटनेच्या पत्रकांत कितीदा तरी छापलंय. त्यापायी माझं कधी काही गेलं नव्हतं.