शालनबाईच्या पदराची गाठ

दापोडीच्या शालनबाईला कुणाच्या दागिन्यांचा हेवा कधी वाटला नाही. शेजारणीच्या नव्या पातळाकडे ती ढुंकूनही बघत नसे. तिचा जीव जळला तो एका स्वयंपाकिणीवर, छपन्न सालच्या उन्हाळ्यात, भोसरीच्या खो-खो शिबिरात.

तिच्या पोराला, ज्योतीरामला, मधुमेह. रोज सुई टोचायची, जेवण वेळेवर द्यायचं, रक्तातली साखर उतरली की पटकन गूळ भरवायचा. गुळाचा खडा तिच्या पदराला कायम बांधलेला. असलं पोर शिबिरात नको, असं बाकीच्या आयांचं म्हणणं; पण शिबिर घेणाऱ्या हिंदुराव मास्तरांनी डॉक्टरला विचारून त्याला घेतलंच. सकाळची सुई आईने येऊन द्यायची, पुढे लक्ष स्वयंपाकीण कौशल्याबाईने ठेवायचं, असं ठरलं.

कौशल्याबाई भलतीच हुशार निघाली. ज्योतीरामला एकटं वाटू नये म्हणून खेळाआधी ती सगळ्याच पोरांना गूळ-शेंगदाणे देऊ लागली. घरी भाकरी बघून नाक मुरडणारा ज्योतीराम तिच्या हातची मुकाट खाई. वर तिला मावशी म्हणे. शालनबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. उशाशी जागायचं आईने, आणि ही मावशी आली कुठून?

म्हणून साखर उतरल्याच्या बाकी खुणा तिने कौशल्याबाईला सांगितल्या, घाम, थरथर, चक्कर. एक तेवढी पोटात ठेवली. ज्योतीराम त्याआधी उगाच हसत सुटायचा. ही खूण आपली एकटीची, असं तिने ठरवून टाकलं.

एका सकाळी सुई देऊन ती कुंपणाशी रेंगाळली. ज्योतीराम बाद झाला आणि खदखदून हसू लागला. पोरं हसली, कौशल्याबाईही हसली. शालनबाईने ओळखलं, तरी जागची हलली नाही. आता कळेल हिला आई कोण ते, एवढंच तिच्या मनात आलं. तोच पोराचे गुडघे वाकले.

ती धावली, पण पदराची गाठ सुटेना. तोवर कौशल्याबाईने त्याच्या तोंडात गूळ घातलाही. पोर सावरल्यावर तिने हळूच विचारलं, "ह्यो असा हसतो, ते तुमास्नी ठावं हुतं?"

"व्हय," शालनबाई म्हणाली. "मीच सांगितलं न्हाई. तू त्याची मावशी झालीस, ते मला बघवंना."

शालनबाईने सगळ्या पोरांना जवळ बोलावलं आणि ती खूण त्यांना सांगून टाकली.

दुसऱ्या दिवशी ज्योतीराम कशावर तरी खरोखरीच हसला. लगेच चार पोरं गूळ घेऊन धावली. कुंपणाशी शालनबाईचा हात पदराच्या गाठीवर गेला होता. तो तिथेच राहिला, आणि त्या चारही पोरांचा तिला मनापासून हेवा वाटला.